फॅन का फिरला नाही?

घाटातलं उघडं बॉनेट

मे महिन्यातल्या दुपारी कसारा घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडं टाकून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. मागच्या चाकाला दगड लावलेला, घरची माणसं सावली शोधत कठड्यापाशी बसलेली आणि पाण्याची बाटली हातात धरून चालक वाफ ओसरायची वाट बघतोय. ट्रकांच्या रांगेमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत गाडी इथवर आलेली असते. एसी पूर्ण जोरात चालू असतो आणि काटा कधी वर सरकला हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. मदतीला थांबलेल्यांपैकी कुणीतरी आत डोकावतं आणि सांगून टाकतं, "फॅन बंद आहे." डोळ्यांना दिसतं तेवढ्यापुरतं ते खरंही असतं. रेडिएटरमागचा पंखा खरोखरच जागचा हलत नसतो. पण ताप आला म्हणजे काय झालं हे जसं नुसत्या तापावरून कळत नाही, तसंच फॅन फिरत नाही एवढ्यावरून गाडीला काय झालं हे कळत नाही. फॅनला फिरायचा निरोपच गेला नसेल, निरोप जाऊनही वीज पोचली नसेल, वीज पोचूनही मोटर बसली असेल, किंवा फॅन ठणठणीत असेल आणि त्याने फिरावं अशी वेळ येण्याआधीच पाणी उकळलं असेल.

हा लेख दुरुस्तीविषयी आहे. त्यासाठी हा हातभर रुंदीचा प्लॅस्टिकचा पंखा निवडण्याचं कारण असं की दुरुस्तीतला सगळ्यात कमी दिसणारा आणि सगळ्यात मोलाचा भाग त्याच्यामुळे स्पष्ट दिसतो. तो भाग म्हणजे तपासणी. आपण सुट्या भागाचे पैसे देतो, तो बसवण्याची मजुरी देतो. पण बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्यात गेलेल्या तासाभराचे पैसे द्यायची वेळ आली की आपला हात आखडतो. मग गॅरेजलाही शोधण्यापेक्षा बदलणं परवडतं. आधी सेन्सर बदलला जातो, मग रिले, मग अख्खी फॅन असेंब्ली, आणि शेवटी दोष निघतो बॉडीला घट्ट न बसलेल्या एका अर्थच्या वायरीत. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की दोष शोधणं हेच दुरुस्तीचं मुख्य काम आहे आणि त्याचा मोबदला वेगळा, उघडपणे दिला गेला पाहिजे.

वाऱ्याचं गणित

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाकं फिरवतो, एक सायलेन्सरमधून गरम धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला साधारण तिसरा वाटा इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये उतरतो. ही उष्णता रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमधून वाऱ्याला देऊन टाकायची असते. गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे धावत असेल, तर समोरून येणारा वारा बहुतेक वेळा एवढं काम एकटा करतो आणि फॅनची गरज पडत नाही. गाडी हळू चालते किंवा उभी राहते तेव्हा मात्र तो वारा नाहीसा होतो आणि सगळी भिस्त फॅनवर येते. म्हणून फॅनच्या बिघाडात सगळ्यात उपयोगी प्रश्न हत्याराला हात लावायच्या आधीच विचारता येतो: काटा कधी चढतो? सिग्नलला किंवा घाटात रेंगाळताना चढतो आणि गाडीने वेग घेतला की उतरतो, असं उत्तर आलं तर संशय फॅनवर जातो. उलट हायवेवर शंभरच्या वेगात चढतो आणि हळू चालवलं की उतरतो, असं असेल तर वाऱ्याची कमतरता नाही हे उघड आहे. तिथे आतून गाळाने भरलेला रेडिएटर, दबलेला होज पाइप किंवा थकलेला वॉटर पंप शोधावा लागतो. हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही, फक्त चालकाचं म्हणणं ऐकून घेण्याइतका धीर लागतो.

आपल्याकडचा उन्हाळा हे गणित आणखी कठीण करतो. कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा ३० अंशांवर असेल तर दोहोंत ६५ अंशांचं अंतर असतं. चंद्रपुरात किंवा अकोल्यात हवा ४५ अंशांवर गेली की हेच अंतर ५० वर येतं. उष्णता किती वेगाने बाहेर पडेल हे या अंतरावर ठरत असल्यामुळे तेवढ्याच वाऱ्यात रेडिएटरचं काम जवळपास पाव हिश्श्याने घटतं. त्यात बहुतेक गाड्यांत एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, म्हणजे रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा आधीच तापलेली असते. हिवाळ्यात निम्म्या ताकदीने फिरणारा फॅन कुणाला जाणवतही नाही; तोच फॅन मे महिन्यात गाडी रस्त्यावर उभी करतो. बिघाड मे महिन्यात झालेला नसतो, त्या महिन्यात तो फक्त उघडकीला येतो.

जुन्या पिढीला हा प्रश्न एवढा भेडसावत नसे, कारण ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत फॅन इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू म्हणजे फॅन चालू. बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं आणि पट्टा तुटला तर ते डोळ्यांना दिसायचं. पुढे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून आडवं बसवलेलं इंजिन आपल्या रस्त्यांवर रुळलं. आडव्या इंजिनाचा पट्टा गाडीच्या बाजूला येतो आणि रेडिएटर मात्र समोर असतो, त्यामुळे फॅनला स्वतःची विजेची मोटर द्यावी लागते. यात फायदाही मोठा आहे. पट्ट्यावरचा फॅन गरज नसतानाही इंजिनाची ताकद खातो, आणि पंख्याची गती दुप्पट झाली की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. विजेचा फॅन हवा तेव्हाच फिरतो. पण 'हवा तेव्हाच' हे ठरवायला कुणीतरी लागतं, आणि तिथूनच बिघाडाच्या नव्या जागा तयार झाल्या.

निरोपाचा प्रवास

गाडी तापल्यावर फॅन फिरण्याआधी एक निरोप बराच प्रवास करतो. कूलंटमध्ये बुडालेला तापमानाचा सेन्सर तापला की त्याचा विद्युतरोध उतरतो. अनेक गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम असलेला हा रोध ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास येतो. गाडीचा मेंदू, म्हणजे ईसीएम, त्यावरून तापमान ओळखतो. पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरणारा थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो, आणि ९५ अंशांच्या आसपास ईसीएम फॅनच्या रिलेला हुकूम देतो. रिलेतलं छोटं विद्युतचुंबक टकन आवाज करत मोठा संपर्क जोडतं. मग बॅटरीतून मोठ्या फ्यूजमधून निघालेला करंट रिलेतून, वायरीतून, कपलरमधून (म्हणजे वायरींच्या जोडातून) मोटरमध्ये जातो आणि अर्थमार्गे बॅटरीला परत येतो. दोन वेगांचा फॅन असेल तर कमी वेगासाठी मधे एक रेझिस्टर असतो. जुन्या गाड्यांत ईसीएमच्या जागी रेडिएटरलाच बसवलेला थर्मोस्विच असायचा. अलीकडच्या काही गाड्यांत रिलेऐवजी फॅनचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारं स्वतंत्र मॉड्यूल असतं.

या मार्गावरचा कुठलाही एक टप्पा निकामी झाला तरी बाहेरून दिसणारं चित्र एकच असतं: फॅन उभा. म्हणूनच अंदाजाने भाग बदलणं ही सोडत होते. आठ ठिकाणी दोष असू शकतो, एकाची किंमत दोन-चारशे रुपये आणि दुसऱ्याची काही हजार. अंदाज बहुतेकदा महागड्या भागावर बसतो, कारण मोटर डोळ्यांसमोर असते आणि अर्थची वायर बॅटरीच्या ट्रेखाली दडलेली असते. यात गॅरेजवाल्याची लबाडी शोधण्याचं कारण नाही. समोर दिसणाऱ्या, न फिरणाऱ्या वस्तूलाच आपण सगळे दोषी धरतो.

व्हिस्कस फॅनची गोष्ट थोडी वेगळी. पिकअप आणि जीपसारख्या अनेक गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं आणि फॅन अजूनही इंजिनावरच फिरतो. मात्र मधे सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. पुढच्या बाजूची दोन धातूंची गुंडाळी तापली की आतल्या तेलाची वाट उघडते आणि फॅनची पकड घट्ट होते. इथे मीटरचं काम नाही, हाताचं आहे. इंजिन गरम असताना गाडी बंद करावी, चावी काढावी आणि फॅनचं पातं हाताने ढकलावं. पातं जड लागलं तर क्लच जिवंत आहे. भिंगरीसारखं फिरत राहिलं आणि क्लचच्या तोंडाशी तेलकट काळा डाग दिसला, तर तेल गळून गेलेलं असतं.

मधोमध तोडून बघणं

चांगला वायरमन अशा गाडीपाशी आला की टोकापासून सुरुवात करत नाही. तो ही वाट मधोमध तोडतो. सगळ्यात सोपा काप एसीच्या बटणाचा. इंजिन चालू करून एसी लावला की बहुतेक गाड्यांत कंडेन्सर थंड राखण्यासाठी थोड्याच वेळात फॅन सुरू होतो. तो सुरू झाला तर मोटर, वायरिंग, मोठा फ्यूज आणि निदान एका वेगाचा रिले या सगळ्यांची एका फटक्यात सुटका होते आणि संशय तापमानाच्या बाजूला जातो. मग सेन्सरचा कपलर काढून बघता येतो. अनेक गाड्यांत सेन्सर तुटल्याचं कळताच ईसीएम सावधगिरी म्हणून फॅन सतत चालू ठेवतो. कपलर काढताच फॅन सुरू झाला, तर ईसीएमपासून पुढे सगळं धड आहे आणि सेन्सर किंवा त्याच्याभोवतीचं पाणीच बोलत नाही, हे कळतं.

एसी लावूनही फॅन उभाच राहिला तर दुसरा काप रिलेवर. रिले उपटून काढायचा. त्याच्या खाली चार पाय असतात आणि बहुतेक रिलेंवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे छापलेले असतात. ८५-८६ हे हुकमाचे पाय, ३०-८७ हे करंटचे. फ्यूज लावलेल्या वायरीच्या तुकड्याने सॉकेटमधली ३० आणि ८७ ची जागा क्षणभर जोडली आणि फॅन घोंगावत सुरू झाला, तर रिलेच्या पुढची बाजू निर्दोष. दोष रिलेत किंवा त्याला मिळणाऱ्या हुकमात. काहीच झालं नाही तर दोष पुढे, म्हणजे वायर, कपलर, मोटर किंवा अर्थ यांपैकी एकात, नाहीतर ३० च्या पायाला वीजच येत नाही. हात आणि बाही पात्यापासून दूर ठेवून हे काप घ्यायला दहा मिनिटं पुरतात. आठ संशयितांतून एक-दोन उरतात आणि तोवर एक रुपयाचाही सुटा भाग विकत घेतलेला नसतो.

सगळ्यात फसवी जागा कपलरची. मोटरचा कपलर काढून मीटर लावलं की स्वच्छ बारा व्होल्ट दिसतात आणि निष्कर्ष निघतो: करंट येतोय, म्हणजे मोटर गेली. पण मीटरचा स्वतःचा रोध सहसा एक कोटी ओहम असतो. त्यातून जाणारा करंट इतका नगण्य की वायरीतली शेवटची एक तार शाबूत असली तरी मीटर बाराच दाखवेल. फॅनला मात्र दहा-वीस अँपिअर लागतात. खरी परीक्षा कपलर जोडलेला ठेवून, फॅनवर भार असताना, मागच्या बाजूने मीटरची सुई घुसवून घ्यावी लागते. पिनेवर गंज चढून फक्त ०.३ ओहमचा अडथळा तयार झालाय असं धरू. दहा अँपिअर वाहताना तिथेच तीन व्होल्ट गळतात आणि ३० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगचं साधं आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या कपलरच्या पोटात एक तापलेलं सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखं झालं. असा कपलर उघडला की एक पीन चकचकीत आणि शेजारची तपकिरी-काळी दिसते, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक फुगून गोळा झालेलं असतं आणि जळका वास बोटांना चिकटतो. मोटर बदलून हाच कपलर पुन्हा लावला तर नवी मोटरही पहिल्या दिवसापासून उपाशी फिरते. अर्थच्या बाजूची तपासणीही तशीच. फॅन चालू असताना मोटरच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मीटरने पाव व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं, तर परतीच्या वाटेत अडथळा आहे.

आणि मोटर खरोखरच गेली असेल तर तीही सांगते. करंट पुरेपूर पोचतोय, फॅन उभा आहे आणि मोटरच्या पाठीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर तो फिरायला लागतो. गॅरेजच्या भाषेत कार्बन संपले. आतले ब्रश झिजून कम्युटेटरवर नीट टेकत नाहीत, ठोक्याने क्षणभर टेकतात. हा फॅन आज फिरला तरी घाटात दगा देणार हे नक्की. गाडी बंद ठेवून पातं हाताने फिरवताना ते जड किंवा खरखरीत लागलं तर बुश किंवा बेअरिंग गेलंय. अशी अडलेली मोटर जास्त करंट ओढते आणि फ्यूज उडवते. त्या फ्यूजच्या जागी जाड फ्यूज किंवा तार घालणं म्हणजे मोटरचा राग वायरीवर काढणं. त्यातून आग लागू शकते.

फॅन निर्दोष असतो तेव्हा

अंदाजाची दुरुस्ती सगळ्यात महाग पडते ती फॅनचा काहीच दोष नसताना. कूलंट कमी झालंय असं समजा. सेन्सर पाण्याऐवजी हवेच्या पोकळीत लटकतो, आणि हवा किंवा वाफ त्याला पाण्याइतकी नीट तापवत नाही. इंजिन रटरटत असतं आणि सेन्सरच्या लेखी सगळं ठीक असतं, म्हणून फॅनला निरोपच जात नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर गरम पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाही. इंजिन तापलेलं आणि रेडिएटर गार, अशी विसंगत जोडी दिसते. ज्या गाडीत स्विच रेडिएटरवर आहे तिथे फॅन कधीच सुरू होत नाही आणि नाहक बदलला जातो.

रेडिएटरच्या झाकणाचा वाटा तर फार कमी लोक ओळखतात. सुमारे एक बारचा दाब धरून ठेवणं हे त्या झाकणाचं काम, आणि त्या दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू २० अंशांनी वर जातो. झाकणाचं रबर चिरलं की हा दाब राहत नाही. आता कूलंटऐवजी साधं पाणी भरलेली अशी गाडी महाबळेश्वरला न्या. साधारण १३५० मीटर उंचीवर पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. फॅनला निरोप जायची वेळ आणि पाणी उकळायची वेळ जवळजवळ एक होते. गाडी पाणी फेकते, फॅन नुकताच सुरू होतोय किंवा अजून व्हायचाय, आणि ठपका बसतो फॅनवर. खरा दोषी एक छोटं झाकण असतं. कूलंट थंड देशांसाठी असतं ही समजूतही इथेच खोटी ठरते. निम्मं ग्लायकॉल मिसळलेलं कूलंट उशिरा उकळतं आणि ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतं. "पूर्वी गाड्या पाण्यावरच चालायच्या" हे खरं आहे; पण त्यांचे ब्लॉक बिडाचे होते, रेडिएटर तांब्या-पितळेचे होते आणि फॅन थांबतच नव्हता. बोअरच्या जड पाण्याचा क्षार आजच्या बारीक नळ्यांत साचला की रेडिएटर आतून अरुंद होत जातो.

कधी फॅन फिरतोही, पण काम करत नाही. मोटर बदलताना दोन वायरींची अदलाबदल झाली तर तो उलटा फिरतो आणि इंजिनाकडची गरम हवा पुढे ढकलायला लागतो. धावत्या गाडीत तर तो समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच आडवा जातो. याची परीक्षा वर्तमानपत्राच्या एका कपट्याने होते. फॅन चालू असताना कपटा समोरच्या जाळीजवळ धरला तर तो जाळीला चिकटून बसला पाहिजे. बाहेर फडफडला तर फॅन उलटा फिरतोय. फॅनभोवतीची प्लॅस्टिकची चौकट, म्हणजे श्राउड, तुटली म्हणून फेकून दिली असेल तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा कडेने गोल गोल फिरवतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत किडे, गवताचं भुसकट आणि चिखल यांचा थर बसलेला असतो. तो पुढून दिसत नाही आणि मागूनही दिसत नाही. आणि हेड गॅस्केट गेल्यामुळे जळलेला वायू पाण्यात शिरत असेल तर जगातला कुठलाही फॅन ती गाडी थंड ठेवू शकणार नाही. इंजिन सुरू करताच टाकीत एकसारखे बुडबुडे येणं आणि कूलंट दिसेल अशी गळती नसताना कमी होत जाणं या तिच्या खुणा.

'डायरेक्ट'ची किंमत

या सगळ्यावर रस्त्यावरचं रामबाण औषध म्हणजे फॅन 'डायरेक्ट' करणं. रिले, सेन्सर, ईसीएम सगळं बाजूला ठेवून बॅटरीतून किंवा चावीच्या लाइनमधून एक वायर काढायची, डॅशबोर्डखाली स्विच बसवायचा आणि फॅन हाताने चालू-बंद करायचा. घाटात अडकलेल्या, लहान मुलं बरोबर असलेल्या कुटुंबासाठी हे योग्य आहे, यात शंका नाही. मोडलेल्या हाताला वाटेत कामटी बांधतात, तसाच हा उपाय. तो फ्यूज लावून केला असेल तर घर गाठून देतो.

अडचण पुढे येते. कामटी काढायची राहते आणि वर्षानुवर्षं हात तसाच वापरला जातो. दहा-वीस अँपिअरचा भार बारीक वायरीतून आणि चावीच्या स्विचमधून वाहायला लागतो, आणि तो स्विच या भारासाठी बनवलेला नसतो. स्विच चालू राहिला तर बॅटरी बसते, बंद राहिला तर इंजिन. गाडी दुसऱ्याच्या हातात गेली, त्याला तो स्विच माहीत नसला, की संपलं. पण सगळ्यात मोठं नुकसान वेगळं आहे. फॅन सतत फिरत असल्यामुळे कूलंटची हळूहळू होणारी गळती, अर्धवट अडकलेला थर्मोस्टॅट, सुरुवातीच्या अवस्थेतला गॅस्केटचा दोष हे सगळं काही महिने झाकलेलं राहतं. दिसतं तेव्हा हेड वाकलेलं असतं. थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची पद्धतही याच घराण्यातली. "आपल्या गरम हवेत त्याची गरज काय," असं म्हणून तो काढला जातो. त्यामुळे इंजिन नेहमी गरजेपेक्षा गार चालतं, जास्त इंधन पितं, आणि अनेक इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहून गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाताच परत फिरतो. म्हणजे तापणं थांबवायला केलेला उपाय चढावर उलट तापवतो.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप गॅरेजमधून येतो: ग्राहकाला कारण नको असतं, फॅन फिरायला हवा असतो, एवढी तपासणी करत बसलो तर दुकान चालणार नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर गॅरेजपेक्षा ग्राहकाने द्यायचं आहे. वर सांगितलेले एसीचा, सेन्सरचा आणि रिलेचा हे तीन काप, भारावरची मीटर-परीक्षा, कागदाचा कपटा आणि झाकणाची पाहणी हे सगळं मिळून तासाभराचं काम आहे. या तासाचे पैसे बिलात स्वतंत्र ओळीत लिहिले आणि आपण ते विनातक्रार दिले, तर गॅरेजला भाग विकून तो तास भरून काढावा लागणार नाही. डॉक्टर औषध न देताही तपासणीची फी घेतात आणि आपण ती देतो, कारण आजार ओळखण्याला आपण काम मानतो. गाडीच्या बाबतीत ती मान्यता द्यायची राहून गेली आहे.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: आता स्कॅनर लावला की सगळं कळतं. स्कॅनर खरोखरच मोलाचा आहे. ईसीएमला तापमान किती दिसतंय हे तो सांगतो, आणि अनेक गाड्यांत स्कॅनरवरून थेट हुकूम देऊन फॅन फिरवून बघता येतो. मॉड्यूलवाल्या फॅनमध्ये टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज येते का हे बघायचा दिवा, फसवू शकतो, तिथे तर स्कॅनरला पर्याय नाही. पण कोड वाचणं म्हणजे निदान नव्हे. पी०४८० हा कोड फॅनच्या नियंत्रण-मार्गात दोष आहे एवढंच सांगतो, मोटर बदला असं सांगत नाही. पी०११८ हा कोड सेन्सरच्या मार्गातला संकेत वाजवीपेक्षा जास्त आल्याचं सांगतो. सेन्सर खराब झाला तरी तो येतो आणि उंदराने वायर कुरतडली तरी येतो. तपकिरी पडलेली पीन, उलटा फिरणारा फॅन, फटीतला चिखल, चिरलेलं झाकण यांना अनेकदा कोडच नसतो. स्कॅनर गाडीच्या मेंदूला जे माहीत आहे तेच सांगू शकतो, आणि मेंदूला स्वतःच्या वायरी दिसत नाहीत.

तिसरा आक्षेप असा की विजेच्या गाड्या आल्या की हे सारं कालबाह्य होणार. विजेच्या गाडीत इंजिन नसतं, पण बॅटरी, मोटर आणि इन्व्हर्टर तापतातच. द्रवाने थंड होणाऱ्या गाड्यांत रेडिएटर असतो, पंप असतो आणि पुढे फॅनही असतो. चार्जिंग चालू असताना गाडी जागेवर उभी असते, म्हणजे समोरून वारा नसतो, तेव्हा तो फॅनच कामाला येतो. सेन्सर, हुकूम, वीज, कपलर, अर्थ हा सगळा मार्ग तिथेही आहे. आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटर मेकॅनिक अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलाने भारावर व्होल्टेज मोजण्याची ही एक रीत पक्की आत्मसात केली, तर ती त्याला पेट्रोलच्या गाडीत जशी उपयोगी पडेल तशीच विजेच्या गाडीतही पडेल.

काटा चढताना

या साऱ्यात चालकाचा वाटा छोटा पण निर्णायक आहे. आजच्या अनेक गाड्यांतला काटा बऱ्याच मोठ्या तापमान-पट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. काही गाड्यांत काटाच नाही, फक्त लाल दिवा आहे. म्हणजे काटा हलताना दिसला तर वेळ आधीच कमी उरलेला असतो. अशा वेळी एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात लावावा. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असल्यामुळे थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते. मग सुरक्षित जागा बघून थांबावं. काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर इंजिन बंद करावं. गरम झाकण उघडू नये. दाब सुटताच आतलं तापलेलं पाणी क्षणात वाफ होऊन उसळतं आणि चेहरा-हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये, हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन बंद असलं तरी फॅन कधीही सुरू होऊ शकतो, काही गाड्यांत तो तसाच बनवलेला असतो. म्हणून बॉनेटखाली वाकताना ओढणी, उपरणं, टायची टोकं सांभाळावीत.

थांबलेल्या त्या तासाभरात आणखी एक काम करता येतं, आणि ते पुढच्या दुरुस्तीचं निम्मं काम असतं. काटा कुठे चढायला लागला, वेग किती होता, एसी चालू होता का, फॅनचा आवाज शेवटचा कधी ऐकला, टाकीतली पातळी गेल्या महिन्यात कुठे होती, एवढं आठवून फोनमध्ये लिहून ठेवावं. इगतपुरीला किंवा घोटीला पहिल्या गॅरेजपाशी गाडी पोचली की "फॅन बदला" असं न सांगता ही टिपणं वाचून दाखवावीत आणि सोबत एक वाक्य जोडावं: आधी तपासा, तपासणीचे पैसे वेगळे घ्या. मग वायरमन स्पॅनर खाली ठेवून आधी एसीचं बटण दाबेल. बॉनेटखाली रिलेचा टक असा आवाज आला की नाही, हे तो कान देऊन ऐकेल. दुरुस्ती तिथून सुरू होते.